ओपल रडली नव्हती

रॉइस टॅकेट सैतानपंथी आहे हे कोल्टर्स लँडिंग गावात सगळ्यांना ठाऊक होतं, तरी थंडी पडली की भट्टी दुरुस्तीला सगळे त्यालाच बोलवायचे. तळघरातली भट्टी बंद पडून घर गारठलं की माणूस धर्म बघत नाही. एका पाळकाच्या बायकोनं तर तो काम करत होता तोवर जिन्यावर उभं राहून मोठ्यानं स्तोत्रं म्हटली होती, आणि जाताना त्याच्या हातात भोपळ्याचं गोड सारण भरलेल्या 'पाय'चा मोठा तुकडा ठेवला होता. रॉइसनं तो गाडीतच खाल्ला. गाडीच्या मागच्या काचेवर सैतानाची खूण असलेलं बोकडाच्या डोक्याचं चित्र चिकटवलेलं होतं.

त्याच्या मंडळीत दहाबारा माणसं होती. सैतान नावाचा कुणी शिंगवाला खरोखर कुठे बसला आहे असं त्यांच्यातलं कुणीच मानत नव्हतं. कुणापुढे वाकायचं नाही, आपल्या देहावर आणि डोक्यावर आपलीच सत्ता, एवढ्यासाठी त्यांनी ते नाव घेतलं होतं. आणि खरं सांगायचं तर गावाला थोडं डिवचायलाही. मंडळीची प्रमुख होती मॅक्सीन डुफ्रेन. जन्मभर शाळेच्या ग्रंथालयात काढलेली, सत्तरी ओलांडलेली बाई. तिच्या गॅरेजमध्ये ते महिन्यातून एकदा जमायचे, कॉफी प्यायचे, कुणाच्या तरी घटस्फोटाबद्दल बोलायचे आणि घरी जायचे.

मंडळीचा एक नियम रॉइसला सगळ्यांत प्रिय होता. अठरा वर्षांखालच्या कुणालाही आत घ्यायचं नाही. सभासदांच्या मुलांनाही नाही. जो तो मोठा झाला की आपलं आपण ठरवेल.

"माझ्या पोरीला मी काहीच शिकवत नाही," तो ज्याला त्याला सांगायचा. "उद्या ती नन झाली तरी माझी हरकत नाही."

"होऊन तर बघू दे," त्याची बायको कॉरीन म्हणायची. ती वृद्धाश्रमात परिचारिकेच्या हाताखाली काम करायची आणि कुठल्याच देवाच्या दारात जायची नाही. "तुझं तोंड तेव्हा कसं होतं त्याचा मला फोटो काढून ठेवायचाय."

ओपल दहा वर्षांची होती. चौथीत. तिला भुंगे आवडायचे, मॅकरोनी-चीज आवडायचं आणि ब्रिन नावाची मैत्रीण आवडायची. दर गुरुवारी शाळा सुटल्यावर तिथेच एका वर्गात चर्चवाल्यांचा 'लहान कोकरं' नावाचा क्लब भरायचा. गाणी, गोष्टी, फळांचा रस. ब्रिन तिथे जायची. ओपल बसनं घरी यायची.

एका संध्याकाळी जेवताना ओपल म्हणाली, "ब्रिन म्हणते तू नरकात जाणार, बाबा. तिला क्लबमध्ये सांगितलं."

रॉइसचा हात थांबला. "काय म्हणाली?"

"जे येशूला नाही म्हणतात ते सगळे जातात म्हणे. मी म्हटलं, माझे बाबा तर तिथल्या भट्ट्यापण दुरुस्त करतील." ती हसली. "अजून मॅकरोनी आहे का?"

कॉरीनला एवढं हसू आलं की तिला ठसका लागला. रॉइस हसला नाही. त्याला जेवण गेलं नाही. शाळेत, सरकारी शाळेत, त्याच्या कराच्या पैशानं चालणाऱ्या शाळेत, लहान मुलांना त्याच्या नावानं नरक दाखवतात! त्या रात्री ओपल नेहमीसारखी झोपली. जागा राहिला तो रॉइस.

पुढच्या बैठकीत त्यानं विषय काढला. कायदा साधा होता: शाळा सुटल्यावर एका पंथाला खोली दिली तर दुसऱ्याला नाही म्हणता येत नाही. मग आपलाही क्लब काढायचा. सैतानाचं नाव दारावर, आत मात्र प्रार्थना नाही की पोथी नाही. फक्त प्रयोग, कोडी, किडे, भिंगं. सगळ्यांना कल्पना आवडली. मॅक्सीनलाही आवडली.

"शाळा चालवणाऱ्या बोर्डापुढे एखाद्या मुलानं बोललं पाहिजे," रॉइस म्हणाला. "आपण मोठी माणसं बोललो तर ते आपल्याला वेड्यात काढतील. ओपल बोलेल."

मॅक्सीननं चष्मा काढून हातात घेतला. "तिला नको आणूस."

"तिची इच्छा आहे."

"तिनं आपणहून सांगितलं?"

"मी विचारलं. हो म्हणाली."

विचारलं होतं हे खरं होतं. ओपल अंगणात पालथी पडून एका भुंग्याला काडीवर चढवत होती. रॉइस शेजारी बसला होता आणि त्यानं सगळं समजावून सांगितलं होतं.

"मला बोलावंच लागेल का?" ओपलनं विचारलं होतं.

"छे छे! तुझी मर्जी. संपूर्ण तुझी मर्जी. तुला नको असेल तर मी त्यांना सांगेन की नाही जमत. सगळ्यांची थोडी निराशा होईल, पण ते समजून घेतील. तू बोललीस तर मला फार अभिमान वाटेल, एवढंच. पण मर्जी तुझीच."

भुंगा काडीवरून पडला. ओपलनं तो परत उचलला. "मग बोलते," ती म्हणाली.

भाषण रॉइसनं लिहिलं. ओपलनं ते स्वयंपाकघरातल्या टेबलावर वाचून पाहिलं आणि एका ओळीवर बोट ठेवलं.

"इथे लिहिलंय मी त्या रात्री रडत रडत झोपले. मी रडले नव्हते, बाबा."

"पण वाईट वाटलं ना मनातून?"

"थोडंसं. ब्रिनला वाटलं म्हणून वाटलं."

"झालं तर. तेच आहे हे. लोकांना कळावं म्हणून जरा ठळक लिहावं लागतं."

ओपल बराच वेळ पेन्सिलीचं टोक चावत राहिली. मग म्हणाली, "बरं."

बोर्डाची सभा शाळेच्या जेवणाच्या हॉलमध्ये होती. एरवी तिथे पाचसहा माणसं यायची. त्या दिवशी भिंतीला टेकून उभं राहायलाही जागा उरली नव्हती. कुणी हातात बायबल घेऊन आलं होतं, कुणी नुसतीच मजा बघायला. तिसऱ्या रांगेत रॉइसचा बाप बसला होता. व्हर्जिल टॅकेट, डोंगराकडच्या होलीनेस नावाच्या कडव्या पंथाच्या चर्चचा जुना डीकन, म्हणजे पाळकाचा मदतनीस, पांढरा शर्ट, गळ्यापर्यंत बटणं लावलेली. बापलेकांचं बोलणं फार नव्हतं. ओपल मात्र त्याच्याकडे जायची, त्याला पपॉ म्हणायची आणि त्याच्या कोंबड्यांना नावं द्यायची.

ओपलसाठी माइक खाली करावा लागला. तिनं वाचायला सुरुवात केली. आवाज बारीक होता, पण चुकला नाही. "मी त्या रात्री रडत रडत झोपले," या ओळीला मागं कुणीतरी बाई हळहळली. एका कोपऱ्यातून टाळ्या वाजल्या, दुसऱ्या कोपऱ्यातून कुणी ओरडलं, "शरम वाटत नाही का, पोरीला पुढे करायला!" रॉइसनं त्या आवाजाकडे पाहून हनुवटी वर केली.

बोर्डावर मिसेस लोमॅक्स म्हणून एक वयस्कर बाई होत्या. त्या पुढे वाकून मायेनं म्हणाल्या, "छान वाचलंस हो. एक सांग, बाळ, हे तू स्वतः लिहिलंस?"

ओपलनं मान वळवली. आधी बाईंकडे नाही, बापाकडे पाहिलं. एक क्षणच. मग म्हणाली, "हो, मॅडम."

ती नजर रॉइसला खटकली, पण लगेच गोंगाट झाला, मंडळीतल्या लोकांनी त्याच्या पाठीवर थापा मारल्या, आणि तो ते विसरला. बोर्डाच्या वकिलानं कंटाळलेल्या आवाजात सांगितलं की कायद्यानं नाही म्हणता येणार नाही. क्लब मंजूर झाला.

घरी जाताना त्यांनी पेपरोनी पिझ्झा घेतला. कॉरीन रात्रपाळीला होती. ओपल गाडीत पुढच्या सीटवर पिझ्झ्याचा खोका मांडीवर घेऊन बसली होती. लाल दिव्यापाशी गाडी थांबली तेव्हा तिनं विचारलं, "मी नीट केलं ना, बाबा?"

दिवा हिरवा झाला. मागच्या गाडीनं हॉर्न दिला, तरी रॉइसचा पाय हलेना.

हेच शब्द त्यानंही एकदा उच्चारले होते. तेव्हा तोही नऊदहा वर्षांचा होता. बापाच्या चर्चमध्ये त्याला पुढे नेलं होतं; बाकीच्या पोरांच्या अंगात पवित्र आत्मा आला होता, ती अनोळखी भाषांत बोलू लागली होती, एकट्या डीकनच्या पोराच्या तोंडून काही निघत नव्हतं. व्हर्जिलचा हात त्याच्या मानेवर होता. घामानं ओला, जड. आजूबाजूला मोठी माणसं रडत होती. रॉइसला गुरांच्या लिलावात बोली पुकारणाऱ्या माणसाचं भरभर बोलणं तोंडपाठ होतं. शेवटी त्यानं डोळे घट्ट मिटले आणि त्याचीच अक्षरं उलटीपालटी करून बडबडायला सुरुवात केली. सगळं चर्च हालेलुया म्हणून उठलं. परत येताना पिकअपमध्ये त्यानं बापाला विचारलं होतं, मी नीट केलं ना, डॅडी? आणि बापानं वाटेत थांबून त्याला द्राक्षाचा सोडा घेऊन दिला होता.

"बाबा, हिरवा झालाय," ओपल म्हणाली.

"हो. छान केलंस तू." त्यानं गाडी काढली. पिझ्झ्याचा वास त्याला सहन होईना.

एवढं कळलं होतं, तर त्यानं तेव्हाच थांबायला हवं होतं. पण कळणं आणि थांबणं यांच्यात फार अंतर असतं. दारावर पाटी लागली होती, वर्तमानपत्रात बातमी आली होती, मंडळीतल्या लोकांनी भिंगं आणि मोठं सूक्ष्मदर्शक घेतलं होतं. आता कशाला मागे फिरायचं, असं त्यानं स्वतःला समजावलं. क्लब चांगला चालवू, म्हणजे झालं.

पहिल्या गुरुवारी ओपलसकट चार मुलं आली. त्यांतल्या दोन भावंडांच्या आईला तो नुसता विज्ञानाचा क्लब वाटला होता. दारावरची पाटी तिनं मुलांना न्यायला आल्यावर वाचली आणि पुढच्या खेपेला ती आली नाहीत. चौथ्या मुलाला सूक्ष्मदर्शकात डोकावायचं होतं, ते डोकावून झाल्यावर त्याचंही काम संपलं. तिसऱ्या गुरुवारी खोलीत रॉइस होता, ओपल होती, आणि मधोमध डोनटचा खोका होता.

समोरच्या खोलीत कोकरं भरली होती. त्यांच्याकडे एक भलंमोठं रंगीत पॅराशूट होतं. मुलं गोल उभी राहून त्याच्या कडा धरायची, एकदम वर उडवायची, आणि ते खाली यायच्या आत किंचाळत त्याच्याखाली शिरायची. भिंतीपलीकडून हसण्याचा लोट यायचा.

"मी तिकडे जाऊ?" ओपलनं विचारलं. "ब्रिन आहे."

"जा की. तुझी मर्जी," रॉइस म्हणाला. मग त्याच्याच्यानं राहवलं नाही. "फक्त विचार कर हं. ते पॅराशूट कशासाठी आहे? आधी खेळवतात, मग गोष्ट सांगतात, मग भीती घालतात. तुझ्या बाबाला नरकात पाठवणारी माणसं आहेत ती. आणि लोक काय म्हणतील? तू बोर्डापुढे तसं बोललीस आणि आता... पण जायचं तर जा. मी अडवत नाही."

ओपलनं भिंग उचललं, डोनटवरच्या साखरेवर धरलं. "राहू दे," ती म्हणाली.

त्याच्या पुढच्या गुरुवारी ती बाथरूमला जाते म्हणून गेली ती आलीच नाही. रॉइसनं वाट पाहिली. मग पलीकडून किंचाळ्यांचा लोट आला आणि त्यात त्याला तिचा आवाज ओळखू आला. कितीतरी दिवसांत त्यानं तिला असं हसताना ऐकलं नव्हतं.

त्याच्याकडे विचार करायला वेळ होता. दोन दारं आणि मधला बोळ, एवढा. तो वेळ त्यानं वापरला नाही. तो आत शिरला, पॅराशूट उचललं, खाली दाटीवाटीनं बसलेल्या मुलांतून ओपलचं मनगट धरलं आणि तिला ओढत बाहेर काढलं. तिचा एक बूट आत राहिला.

क्लब चालवणारी सिस्टर नेडा घाबरून म्हणाली, "रॉइस, अरे, ती आपणहून आली. मी तिला म्हटलं होतं बाबांना विचारून ये."

"तिला काय कळतंय!" रॉइस ओरडला. "दहा वर्षांची आहे ती!"

"तूच म्हणालास माझी मर्जी," ओपल म्हणाली. ती रडत होती. खरोखर रडत होती, सगळ्या वर्गासमोर, एका पायात नुसता मोजा. "तूच म्हणालास ना!"

"मर्जी म्हणजे हे नव्हे!"

शब्द तोंडातून गेले आणि मग त्याला ते ऐकू आले. कोपऱ्यातल्या टेबलापाशी त्याचा बाप उभा होता. व्हर्जिल दर गुरुवारी इथे मुलांना रस वाटायला यायचा हे रॉइसला माहीतच नव्हतं. म्हाताऱ्याच्या हातात कागदी पेले होते. त्यानं ते खाली ठेवले, सावकाश चालत आला आणि हळू आवाजात म्हणाला, "हात सोड तिचा."

रॉइसनं सोडला. मनगटावर त्याच्या बोटांचे लाल वळ उठले होते. ब्रिननं बूट आणून दिला. ओपलनं तो घातला, पण बापाकडे न येता ती पपॉच्या मागे जाऊन उभी राहिली.

कॉरीन येऊन तिला घेऊन गेली. रॉइस पार्किंगमध्ये आपल्या गाडीला टेकून उभा होता. घरी कुठल्या तोंडानं जायचं ते त्याला समजत नव्हतं. व्हर्जिल बाहेर आला, आपल्या गाडीकडे गेला, दार उघडलं, परत लावलं आणि त्याच्यापाशी आला.

"शिव्या घालायच्या असतील तर घाला," रॉइस म्हणाला.

"नाही." म्हातारा बोकडाच्या चित्राकडे बघत होता. "ती रडत झोपली असं वाचलं तिनं. मी त्या शनिवारी विचारलं तिला. कोंबड्यांना दाणे टाकताना. म्हणाली, नाही पपॉ, ते बाबांनी ठळक केलंय."

रॉइसनं मान खाली घातली.

"तू त्या दिवशी लिलाववाल्यासारखं बोलला होतास," व्हर्जिल म्हणाला.

"काय?"

"चर्चमध्ये. आत्मा आला तेव्हा. मी दर मंगळवारी गुरांच्या बाजारात जायचो, रॉइस. मी काय बहिरा होतो का? पहिल्या दमातच ओळखलं मी."

रॉइस बापाकडे बघतच राहिला. इतकी वर्षं तो समजत होता की त्यानं बापाला फसवलं. त्या फसवणुकीची लाज बाळगून तो घराबाहेर पडला होता. देवावरून आपलं मन उडालं ते तिथूनच, असं त्यानं धरलं होतं.

"मग बोलला का नाहीत?"

"लोक हालेलुया म्हणत होते," म्हातारा म्हणाला. "माझा हात धरून रडत होते. डीकनचं पोर आहे म्हणत होते. बरं वाटत होतं मला." त्यानं तोंडावरून हात फिरवला. "वाटेत तुला सोडा घेऊन दिला. त्यानंतर कधी तुझ्या डोळ्याला डोळा भिडवून बोललो का मी? आठव. नाही बोललो."

त्याला आणखी काही म्हणायचं असावं. पण त्यानं फक्त गाडीच्या छतावर दोनदा थाप मारली आणि तो निघून गेला.

रॉइस तिथे कितीतरी वेळ थांबला. त्याला बापाचा राग यायला हवा होता, पण येईना. भाषणातली आसवं तिची नव्हती, आपल्या शाईची होती, हे त्यालाही ठाऊक होतं, आणि टाळ्या वाजल्या तेव्हा त्यानंही हनुवटी वर केली होती.

त्यानं ठरवलं की हे निस्तरायचं. पुढच्या बोर्डाच्या सभेत, लोकांनी बोलायच्या वेळी, तो कुणालाही न सांगता उठला आणि माइकपाशी गेला. म्हणाला, "माझ्या मुलीनं इथे जे वाचलं ते मी लिहिलं होतं. ती त्या रात्री रडली नव्हती. तिला क्लबही नको होता. चूक माझी आहे, तिची नाही." आणि खाली बसला. मिसेस लोमॅक्सनी त्याचे आभार मानले. त्याला वाटलं छातीवरचा दगड उतरला. घरी जाताना त्यानं कितीतरी दिवसांनी गाडीत रेडिओ लावला.

दगड उतरला होता खरा, पण तो कुणावर पडला ते त्याला दुसऱ्या दिवशी दुपारी कळलं.

ओपल बसमधून उतरली ती सरळ आत गेली आणि तिनं खोलीचं दार लावून घेतलं. गावातल्या वर्तमानपत्रानं मोठ्या अक्षरांत छापलं होतं: सैतानपंथी बापाची कबुली, मुलीची साक्ष खोटी. नाव छापलं नव्हतं. नावाची गरजही नव्हती. शाळेत पोरांनी तिला खोटारडी म्हणून चिडवलं होतं. मधल्या सुट्टीत कुणीतरी रडण्याचं सोंग करून दाखवलं होतं आणि सगळी हसली होती. मिसेस लोमॅक्सना ती हो, मॅडम म्हणाली होती ते आता सगळ्यांना आठवत होतं. ब्रिनसुद्धा तिच्याशेजारी बसली नव्हती.

रॉइस दारापाशी उभा राहिला. "ओपल, मी सगळं माझ्यावर घेतलं गं. मी सांगितलं त्यांना, तुझी चूक नाही म्हणून."

आतून ती म्हणाली, "मला विचारलंस?"

"अं?"

"सांगू का म्हणून. मला विचारलंस का?"

स्वयंपाकघरात कॉरीन घेवड्याची भाजी ढवळत होती. तिनं मागे वळूनही पाहिलं नाही. "तिचा प्रश्न बरोबर आहे," ती म्हणाली. "खोटं बोलायच्या आधी निदान नावाला तरी विचारलं होतंस. खरं बोलताना तेही नाही."

रॉइस खुर्चीवर बसला. आपल्या काळवंडलेल्या नखांकडे बघत बसला. मुलीला वाचवायला गेलो असं तो समजत होता. गेला होता तो स्वतःला हलकं करायला. तिची लाज त्यानं तिच्या परवानगीशिवाय चव्हाट्यावर मांडली होती, आणि वर त्याचं त्याला कौतुक वाटलं होतं. रेडिओ आठवला आणि त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

मॅक्सीननं क्लब बंद केला. गॅरेजमध्ये बाकीच्यांनी त्याला बरंच सुनावलं. गावात आमचं हसं केलंस, म्हणाले. मॅक्सीन सगळे गेल्यावर एवढंच म्हणाली, "त्या नियमाचा अर्थ तुला वाटला होता की मुलांना आत घ्यायचं नाही. अर्थ असा आहे, रॉइस, की त्यांचा उपयोग करायचा नाही. मग त्यांना आत घ्या किंवा बाहेर ठेवा." तो मंडळीत राहिला, पण कडेच्या खुर्चीत बसू लागला आणि मर्जी हा शब्द काही त्याच्या तोंडून निघेना.

हिवाळा गेला. ओपल कोकरांच्या खोलीतही पुन्हा गेली नाही. ती बापाशी वाईट वागत नव्हती. मीठ मागितलं तर देत होती, गृहपाठ विचारला तर सांगत होती. फक्त आपणहून काही सांगायची बंद झाली होती. कुठला भुंगा सापडला, कोण काय म्हणालं, सगळं कॉरीनला कळायचं. रॉइस शेजारच्या खोलीतून ऐकायचा. ब्रिनशी पुन्हा जमलं हेही त्याला असंच कळलं.

जूनमध्ये एका सकाळी ती खांद्याला बॅग लावून त्याच्यासमोर उभी राहिली.

"ब्रिनच्या चर्चचं शिबिर आहे. आठवडाभर. तळ्यावर. आई हो म्हणाली. मला सोडायला तुझी गाडी लागेल." मग घाईनं म्हणाली, "आणि तू काही विचारू नकोस. मला तिथलं सगळं पटतं असं नाही. पटत नाही असंही नाही. मला माहीत नाही अजून."

रॉइसच्या तोंडाशी वाक्य आलं होतं. फक्त विचार कर हं, हे शब्द तर जिभेच्या टोकावर होते. त्यानं ते गिळले. "चल," तो म्हणाला.

तळ्याकडे जाणारा रस्ता झाडांतून होता. शिबिराचं फाटक दिसायला लागलं, मुलं, आईबाप, रंगीत पताका दिसायला लागल्या, तशी ओपल म्हणाली, "इथेच थांब."

"फाटकापर्यंत नेतो की. बॅग जड आहे."

"इथेच." तिनं मागच्या काचेवरच्या बोकडाकडे पाहिलं, मग त्याच्याकडे. तिचे गाल लाल झाले होते. "प्लीज, बाबा."

त्याला समजलं. गाडी कडेला घेऊन त्यानं इंजिन बंद केलं.

"मी काय करू सांग," तो म्हणाला. "तुला जे हवं ते. खरंच विचारतोय."

ओपलनं क्षणभर विचार केला. तो तिच्या चेहऱ्याकडे पाहत होता. या वेळी तिनं उत्तरासाठी त्याच्याकडे पाहिलं नाही.

"काही नको करूस," ती म्हणाली.

ती उतरली. बॅग तिच्या गुडघ्यांवर आदळत होती. दोनदा थांबून तिनं खांदा बदलला. फाटकाशी ब्रिन धावत आली आणि बॅगचा एक पट्टा तिनं धरला. दोघी काहीतरी बोलत आत गेल्या. कुणीही वळून पाहिलं नाही. रॉइस स्टिअरिंगवर दोन्ही हात ठेवून बसून राहिला, आणि त्यानं काही केलं नाही.